एकोणऐंशी

लेकीने माऊस सरकवला, एक कळ दाबली, आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यातून बोलाबाई नाहीशा झाल्या.

"अगं, विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. फोटो लावणं ही सगळ्यात मोठी चूक. सगळीकडे हेच सांगतात."

"मागच्या रविवारी सगळ्यात मोठी चूक जन्मतारीख होती."

"ती काढली ना आपण?"

"काढली. त्याच्या आधी सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती चार पानं होती."

"तीही एकावर आणली."

"म्हणजे आता मी बिनवयाची, बिनचेहऱ्याची, एकपानी बाई," असं म्हणून बोलाबाईंनी मटारची परात पुढ्यात ओढली.

लेक हसली, पण तिचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत. खुर्चीवर मांडी घालून, केसांत पेन्सिल खोचून ती बसली होती. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी, पण ती सकाळपासून आईच्या बायोडेटावर खर्च होत होती. त्याला बायोडेटा म्हणायचं नाही, सीव्ही म्हणायचं, असंही तिने एकदा बजावलं होतं. नाव बदललं की नोकरी लागते का, असं बोलाबाईंनी त्यावर विचारलं होतं. तेव्हापासून तो विषय दोघींनी सोडून दिला होता.

बोलाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका पाचमजली हॉटेलात, स्वागतकक्षाच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत, टेलिफोनच्या बोर्डावर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. फोन उचलल्यावर म्हणायचं एक लांबलचक वाक्य मॅनेजरने छापून भिंतीवर चिकटवलं होतं. त्यात हॉटेलचं नाव होतं, स्वागत होतं, आम्हाला आपली काय सेवा करू द्याल असलंही काहीतरी होतं. बोलाबाईंनी ते कधी म्हटलं नाही. त्या फक्त "बोला" म्हणायच्या. पण ते असं म्हणायच्या, की पलीकडचा माणूस, मग तो खोलीत पाणी येत नाही म्हणून खवळलेला असो की घरच्या आठवणीने झोप न लागलेला, खरोखरच बोलायला लागायचा. आधी वेटर त्यांना बोलाबाई म्हणू लागले, मग मॅनेजर, आणि शेवटी तर पगाराच्या पाकिटावरही कुणीतरी तेच लिहिलं.

मग हॉटेलने यंत्र बसवलं. खोलीसाठी एक दाबा, जेवणासाठी दोन दाबा. ऑपरेटरसाठी काय दाबायचं ते त्यात नव्हतं, कारण ऑपरेटरच राहिली नव्हती.

निरोपाला फुलं मिळाली. ती सुकायच्या आतच लेकीने अर्ज करायचं काम अंगावर घेतलं. त्या पहिल्या संध्याकाळी बोलाबाई भांडी घासत होत्या आणि लेक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एकेक प्रश्न विचारत होती. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव. ईमेलचा पत्ता काढू या का, असंही तिने विचारलं. बोलाबाई म्हणाल्या, "नको ग बाई. तो उघडायला तुझी वाट बघत बसू? फोन आहे ना. माझा जन्म फोनवर गेलाय, मला फोनवरच बोलावतील." आणि नळाच्या आवाजावरून ओरडत त्यांनी आपला नंबर जोड्याजोड्यांनी सांगितला, शेवटी एकोणऐंशी. लेकीने तो टाईप केला. आजकाल कुणाला कुणाचा नंबर पाठ असतो? लेकीच्या फोनमध्ये त्या नंबराचं नाव "आई" होतं, एवढं तिला पुरत होतं.

पहिला अर्ज चार पानांचा झाला. बोलाबाईंनी सांगत जावं आणि लेकीने लिहीत जावं, असा तो झाला होता. त्यात एक वाक्य होतं: फोनवर चिडलेल्या माणसाला दोन मिनिटांत शांत करते. दुसरं होतं: एकदा ऐकलेला आवाज विसरत नाही. अर्ज सात-आठ ठिकाणी गेला. एकही फोन आला नाही.

तेव्हा लेकीने वाचायला सुरुवात केली. अर्जातल्या चुका कशा टाळाव्यात यावर जगात इतकं लिहिलेलं असेल हे बोलाबाईंना ठाऊकच नव्हतं. पानं फार नकोत. वय नको. विवाहित, विधवा, मुलं किती, हे तर मुळीच नको. शुद्धलेखन तपासा. स्वतःची स्तुती करू नका, पण स्वतःला कमीही लेखू नका.

"मग नेमकं करायचं काय?" बोलाबाईंनी विचारलं होतं.

"संतुलन," लेक म्हणाली होती.

त्या संतुलनापायी चिडलेल्या माणसाचं वाक्य गेलं आणि त्याच्या जागी "उत्तम संवादकौशल्य" आलं. विसरत नाही ते आवाज गेले, तिथे "तत्पर व कार्यक्षम" आलं. बोलाबाईंनी ते वाचलं तेव्हा ही कुणी तिसरीच बाई आहे असं त्यांना वाटलं, जिच्याशी आपली ओळख नाही आणि करून घ्यायची इच्छाही नाही. पण लेकीच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं दिसत होती. त्या म्हणाल्या, "छान झालंय."

दर वेळी नवा अर्ज जायचा आणि दर वेळी फोन गप्प बसायचा. घोडं पेंड कुठे खातंय तेच कळेना. फोनच बिघडला असेल अशी शंका बोलाबाईंना अधूनमधून यायची.

"जरा लाव ग मला," त्या म्हणायच्या.

लेक आपल्या फोनवर "आई" दाबायची. टेबलावरचा फोन ताबडतोब थरथरत, वाजत, मिठाच्या बरणीकडे सरकायला लागायचा.

"वाजतोय की."

"वाजतोय खरा," बोलाबाई म्हणायच्या, आणि तो वाजतोय याचंच त्यांना वाईट वाटायचं. बिघडला असता तर निदान दोष त्याच्यावर ढकलता आला असता.

आपल्याला आता कुणी घेणार नाही, हे त्यांनी मनातल्या मनात जवळजवळ मान्य केलं होतं. त्यांचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. लेकीला बढती मिळाली होती, पण दुसऱ्या शहरात. एकदा तिने ती पुढे ढकलून घेतली होती. साहेबांनी आता पुन्हा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदा ते विचारणार नव्हते. "तुझं मार्गी लागू दे, मग बघते," असं लेक म्हणायची, जणू काही आईच लेक होती. आईला रिकाम्या घरात, न वाजणाऱ्या फोनसमोर बसवून ती जाणार नव्हती, हे बोलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. ती हट्टी होती. ते घराण्यातच होतं.

म्हणून त्या रविवारी त्यांनी फोटोही जाऊ दिला.

"आता बघ," लेक म्हणाली. "आता यात एकही चूक नाही."

बोलाबाईंनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. आपलं नाव वाचलं, अनुभव वाचला, ती तिसरी बाई वाचली. नंबरावरून त्यांची नजर नेहमीप्रमाणे घसरून पुढे गेली. स्वतःचा नंबर कोण वाचतं?

*

मंगळवारी दुपारी त्या गॅलरीत चादर वाळत घालत असताना फोन वाजला. ओल्या हाताने त्यांनी तो उचलला. नंबर अनोळखी होता.

"बोला."

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. आवाज पुरुषाचा होता, म्हातारा, पण दणदणीत. "आपण टेलिफोन ऑपरेटर का?"

"हो, होते," बोलाबाई म्हणाल्या, आणि लगेच सावरून, "आहे."

"चिडलेल्या माणसाला दोन मिनिटांत शांत करता त्या तुम्हीच?"

बोलाबाईंनी चादर सोडून दिली. ते वाक्य तर लेकीने कधीच काढून टाकलं होतं. "मीच. आपण कुठून बोलताय?"

"घरातून. मला नोकरीबिकरी काही द्यायची नाही, बाई, आधीच सांगतो. मी निवृत्त माणूस, प्राथमिक शाळेत मास्तर होतो. पण तुमच्या नोकऱ्या गेले कित्येक महिने माझ्याकडे येतायत, त्या तुम्हाला नको असतील तर तसं सांगा, म्हणजे मी सुटेन."

"माझ्या नोकऱ्या?"

"तर काय! पहिल्यांदा एका दवाखान्यातून फोन आला. चौकशीच्या खिडकीसाठी बोलावत होते. मी जेवत होतो, म्हटलं राँग नंबर, आणि आपटला. मग एक प्रवासी कंपनी. मग कुरिअरवाले. मला वाटलं कुणीतरी थट्टा चालवलीय. एका पोरीने विचारलं, चिडलेल्या माणसाला शांत करता का? मी म्हटलं, मीच तो चिडलेला माणूस, आधी मला शांत करून दाखवा."

बोलाबाईंना हसू आलं, आणि ते आल्याचं त्यांनाच नवल वाटलं. त्या गॅलरीच्या उंबऱ्यावर बसल्या.

"सुरुवातीला खूप यायचे," मास्तर म्हणाले. "मग कमी कमी होत गेले. हल्ली तर जवळजवळ बंदच झाले होते. काल एक आला. रुग्णवाहिकांची कंट्रोल रूम आहे ना, तिथून. तो माणूस मात्र शहाणा निघाला. राँग नंबर म्हटल्यावर त्याने ठेवून दिला नाही. म्हणाला, कागदावर काय आहे ते वाचून दाखवतो. आणि एकेक आकडा वाचला. सगळा माझाच नंबर. शेवटी आठ, नऊ. मी म्हटलं, बरोबर, पण मी ऑपरेटर नाही. फोन ठेवला आणि अंथरुणावर पडलो, तर डोक्यात उजेड पडला. बाई, तुमच्या नंबराच्या शेवटी एकोणऐंशी आहे ना?"

"हो."

"मग काय तर! माझी हयात पोरांना आकडे शिकवण्यात गेली. एकोणऐंशी म्हटलं की निम्मा वर्ग आठावर नऊ लिहून मोकळा. ऐंशी तेवढं ऐकतात. एकोण कुणी ऐकतच नाही. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, हे मी फळ्यावर लिहून, ओरडून, छड्या दाखवून सांगितलंय. म्हटलं, बघू या तरी, एकोणऐंशीवर कोण उचलतंय. घरात शाळकरी पोर असेल ना? त्याच्याच हातून लिहून घेतलं असणार तुम्ही."

बोलाबाईंची नजर आत टेबलाकडे गेली. रविवारी छापलेली प्रत मिठाच्या बरणीखाली पडली होती.

"आहे एक पोर," त्या म्हणाल्या.

"उजळणी करून घ्या त्याच्याकडून."

"घेते, गुरुजी."

मास्तरांनी पुन्हा घसा खाकरला, पण या वेळी तो दणदणीतपणा आवाजात परत आला नाही. "खरं म्हणजे मी माफी मागायला फोन केला होता. पहिल्याच दिवशी डोकं चालवलं असतं तर... कुणाची तरी भाकरी आपण दर वेळी आपटत होतो, हे काल रात्रीपासून मनातून जात नाहीये. बायको म्हणते, तुम्ही जन्मभर फोन आपटलेत. ती दवाखान्याची जागा आता गेली असेल ना?"

गेलीच असणार. दवाखान्यात पहिल्यांदा अर्ज पाठवला होता, आणि सगळ्यांत जास्त मन त्याच जागेवर होतं. पण बोर्डावर इतकी वर्षं काढलेल्या बाईला पलीकडच्या आवाजातला ओलावा ऐकू आला, आणि स्वतःचं बाजूला ठेवून त्या सवयीने म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही बोला."

आणि मास्तर बोलले. बायकोच्या बहिरेपणाबद्दल, शाळा बंद पडल्याबद्दल, दिवसभर फोन वाजत नाही आणि वाजला तर भलत्याच कुणासाठी, याबद्दल. बोलाबाई मधूनमधून हुंकार देत होत्या. घड्याळ लावून कुणी बघितलं नाही, पण फोन ठेवताना मास्तरांचा आवाज पार निवळला होता. जाता जाता त्यांनी कंट्रोल रूमचा नंबर दिला. बोलाबाईंनी न सांगताच, एकेक आकडा करून दिला.

बोलाबाईंनी आत जाऊन बरणी उचलली आणि कागद ओढला. आठ, नऊ. ठळक अक्षरांत, नावाच्या बरोबर खाली. प्रत्येक प्रतीत तो तिथेच होता. चार पानं गेली, वय गेलं, नवरा गेला, चिडलेला माणूस गेला, चेहरा गेला, पण त्या नंबराला कुणी हात लावला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

मग त्यांना राग आला, आणि तो चांगलाच आला. इतके महिने! इतकी माणसं आपल्याला बोलावत होती, आणि आपण इथे आपल्यालाच मोडीत काढत बसलो होतो. वरून ही कार्टी सांगत होती, शुद्धलेखन तपास! त्यांनी फोन उचलून लेकीच्या नावावर बोट ठेवलं. ऑफिसात असली तरी काय झालं, ऐकू दे.

बोट तिथेच राहिलं. कारण एकोणऐंशी हा शब्द लेकीला येत नाही याचं कारण त्यांना आठवलं.

शाळा सुटली की ही पोर हॉटेलात यायची. घरी बघायला कुणी नव्हतं. बोर्डाखाली, तारांच्या गुंत्याशेजारी दप्तराला टेकून बसायची आणि आईचे आकडे ऐकत मोठी झाली. तिथे एकोणऐंशी, एकोणसत्तर म्हणायला बंदी होती. कुणी गिऱ्हाइकाने तसं सांगितलं तर बोलाबाई त्याला थांबवायच्या: एकेक आकडा सांगा, सात, नऊ. एकदा पोरीने शाळेतून शिकून आल्याप्रमाणे "आई, एकोणऐंशी" म्हटलं, तर त्यांनीच तिच्या डोक्यात टपली मारली होती. "इथे असं म्हणायचं नाही. त्याने माणसं चुकतात." पोर मुकाट्याने सुटे आकडे शिकली. गणितात नेहमी काठावर पास व्हायची, त्याचंही थोडं श्रेय या बोर्डालाच होतं. आणि नंतर एका संध्याकाळी, नळ धो धो वाहत असताना, त्याच आईने आपला स्वतःचा नंबर जोडीने ओरडून सांगितला होता. परत म्हणूनही घेतला नव्हता.

बोलाबाईंनी लेकीच्या नावावरचं बोट उचललं आणि कंट्रोल रूमचा नंबर लावला.

"हो, हो, तुमचा अर्ज आहे आमच्याकडे," पलीकडचा माणूस म्हणाला. कुठेतरी मागे दोन फोन एकदम वाजत होते. "चार पानी. मी सगळा वाचला. पण बाई, तुमच्या नंबरावर एक आजोबा भेटतात."

"ऐकलं मी."

"आता राग मानू नका, पण सांगतो. आमच्याकडे एक आकडा चुकला की गाडी भलत्या गल्लीत जाते. माणूस दुसऱ्या गल्लीत पडलेला असतो. आणि तुम्ही तर स्वतःचाच नंबर चुकवलात. तुम्हाला बोर्डावर कसं बसवायचं?"

मुलीने टाईप केला होता. चार शब्द. खरेही होते, आणि अगदी जिभेच्या टोकावर येऊन बसले होते. ते म्हटले असते तर पलीकडचा माणूस हसला असता, आजकालची मुलं म्हणाला असता, आणि विषय संपला असता.

"चूक माझीच आहे," बोलाबाई म्हणाल्या. "मी नंबर जोडीने सांगितला. एकोणऐंशी म्हटलं की माणसं चुकतात, हे मला ठाऊक होतं. आणि सांगून झाल्यावर परत म्हणून घेतला नाही. बोर्डावर मी असं कधी केलं नाही. घरात केलं. घरात माणूस गाफील असतो."

मागचे फोन वाजतच होते. त्यातला एक कुणीतरी उचलला.

"बरं, मग आता सांगा," तो माणूस म्हणाला.

बोलाबाई खुर्चीत ताठ बसल्या. त्यांनी आकडे एकेक करून सांगितले, मध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडून. सात. नऊ. मग त्या थांबल्या नाहीत. "आता तुम्ही म्हणून दाखवा."

पलीकडचा माणूस हसला, आणि शाळेतल्या मुलासारखा सगळा नंबर परत म्हणाला.

"बरोबर," बोलाबाई म्हणाल्या.

"गुरुवारी सकाळी या. अर्जाची नवी प्रत आणा, या नंबराची."

फोन ठेवल्यावर त्यांनी चादर वाळत घातली. मग घरात जाऊन कपाटातल्या जुन्या सगळ्या प्रती काढल्या, एकूण एक फाडल्या, आणि त्या तुकड्यांनी खिडक्यांच्या काचा पुसल्या. काचा बऱ्याच दिवसांत पुसायच्या राहिल्याच होत्या.

*

"फोटो!" लेक दारातच ओरडली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "मी म्हटलं नव्हतं? फोटो काढला आणि दोन दिवसांत फोन! सांग, म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस बाई."

"तू ऐकत नव्हतीस."

"नव्हते ऐकत. फोटोच नडत होता."

लेकीने आईच्या गळ्यात हात टाकले आणि तिला स्वयंपाकघरातच एक गिरकी द्यायला लावली. बोलाबाईंच्या गुडघ्यांनी तक्रार केली, पण त्यांनी ती ऐकली नाही. इतक्या महिन्यांत लेकीच्या अंगातून हा हलकेपणा कुठे गेला होता ते त्यांना आता कळत होतं. प्रत्येक गप्प आठवड्याचा दोष ती स्वतःवर घेत होती, आणि रविवारी नवी चूक शोधून त्याची भरपाई करत होती. खरी चूक आज तिच्या हातात दिली असती तर ती जन्मभर पुरली असती. बदलीचं तर नावच नको.

"साहेबांना काय सांगू?" लेकीने चपला काढता काढता, जणू सहज, विचारलं.

"येते म्हणून सांग."

"आधी गुरुवार तर होऊ दे."

"गुरुवारचं मी बघते. तू सांग."

लेकीने आईकडे नीट बघितलं. मग लॅपटॉप उघडला. "नवी प्रत हवी म्हणालीस ना? आहे तीच छापते."

"दोन गोष्टी करायच्यात." बोलाबाई तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "ते चिडलेल्या माणसाचं वाक्य परत घाल."

"आई, ती चूक होती! असं कुणी लिहीत नाही."

"असू दे. एक चूक राहू दे. दृष्ट लागू नये म्हणून."

लेकीने कपाळावर हात मारला, पण वाक्य घातलं. "उत्तम संवादकौशल्य" गेलं तेव्हा बोलाबाईंनी एक मटारची शेंग सोलून तोंडात टाकली.

"आणि दुसरं?"

"नंबर. तो पुसून टाक आणि पुन्हा लिही. त्यांच्याकडे आकडे सुटे सुटे लिहायची पद्धत असते."

"मग मध्ये जागा सोडते ना, पुसायला कशाला हवा?"

"पूस ग. मी सांगते तसा नव्याने लिही. जुन्याला हात लावत बसू नकोस."

लेकीने नंबर पुसला. नावाखाली एक कोरी ओळ उरली. बोलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आकडे सांगायला सुरुवात केली, बोर्डावर सांगत तसे, एकेक. लेकीची बोटं त्यांच्या आवाजाबरोबर चालायला लागली. मधूनच तिचे ओठही हलायला लागले, लहानपणी तारांच्या गुंत्याशेजारी बसून हलायचे तसे.

"सात," बोलाबाई म्हणाल्या.

"सात."

"नऊ."

"नऊ. एकोणसत्तर." लेकीने मान वर करून आईकडे बघितलं. "बरोबर?"

बोर्डावर कुणी असा नंबर सांगितला असता तर बोलाबाईंनी त्याला तिथल्या तिथे थांबवलं असतं. त्यांनी चष्मा नाकावर सारला, वाकून पडद्यावरचे दोन्ही आकडे डोळ्यांनी चाचपून बघितले.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता छाप."